पायांचा तोल कानात असतो

ही गोष्ट तुमच्याही घरात घडली असेल. आई पहाटे कूस बदलते आणि छत गरगर फिरू लागतं. ती पलंगाची कड घट्ट धरते, डोळे मिटते. अर्ध्या मिनिटात सगळं थांबतं. पण त्या दिवसापासून तिचं पाऊल बिचकतं. ती भिंत धरून न्हाणीघरात जाते. भाजीला जाणं टाळते. देवळात जाणं सोडते.

मग घरातच निदान होतं. कुणी म्हणतं पित्त झालंय. कुणी म्हणतं बीपी वाढलंय. कुणी मानेच्या मणक्यावर ढकलतं. लिंबूपाणी होतं, मानेला पट्टा येतो, महागडी तपासणीही होते. कानाचं नाव मात्र कुणी काढत नाही. कान दुखत नसतो, ऐकूही नीट येत असतं, मग कानाचा संशय यावा तरी कसा?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या सगळ्या घरांना माझं सांगणं आहे. चक्कर आली तर कानाचाही विचार करा. आणि चक्करेच्या भीतीने चालणं बंद करू नका. पाऊल थांबवायचं नाही, जपून टाकायचं.

कान चालायला कशी मदत करतो

ऐकण्याचा जो भाग कानात खोल, हाडाच्या आत असतो, त्याला लागूनच तोल सांभाळणारा भाग आहे. प्रत्येक कानात तीन बारीक वाटोळ्या नळ्या आहेत. त्यांत पाण्यासारखा द्रव आहे.

तांब्यात पाणी घ्या आणि तांब्या जागच्या जागी गर्रकन फिरवा. तांब्या फिरतो, पाणी मागे राहतं. नळ्यांतला द्रवही असाच मागे राहतो. तिथल्या केसासारख्या नाजूक पेशी त्याने वाकतात. डोकं कुठल्या बाजूला आणि किती जोरात फिरलं, हे मेंदूला त्यावरून कळतं.

मंगळागौरीला मुली फुगडी घालतात तेव्हा हेच होतं. फुगडी थांबली तरी कानातला द्रव क्षणभर फिरतच असतो, म्हणून घर फिरल्यासारखं वाटतं. नातवंडांना आजीची चक्कर समजावून सांगायची असेल तर हे सांगा. त्यांना लगेच कळेल.

नळ्यांशेजारी दोन छोट्या पिशव्या आहेत. त्यांत खडूच्याच जातीचे, डोळ्यांना न दिसणारे कण असतात. जमीन कुठल्या बाजूला आहे, आपण कललो का, गाडी सुटली का, ब्रेक लागला का, हे त्या कणांमुळे कळतं.

आता पाऊल टाकताना काय होतं ते पाहा. एक पाय उचलला की सगळं अंग दुसऱ्या पायावर येतं. त्या वेळी अंग कुठे झुकतंय, हे कान मेंदूला कळवतो. उचललेला पाय नेमका कुठे टेकवायचा, ते मेंदू त्यावरून ठरवतो. अंग उजवीकडे जास्त गेलं तर पाय थोडा उजवीकडे पडतो आणि आपण सावरतो. हे सारं एका सेकंदाच्या आत होतं. आपल्याला पत्ताही लागत नाही.

शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं आहे. चालणाऱ्या माणसाच्या कानामागे अगदी सौम्य वीजप्रवाह दिला की त्याला आपण कलतोय असं वाटतं, आणि पाऊल आपोआप भलतीकडे पडतं. पाय धडधाकट, डोळे चांगले, तरीही पाऊल चुकतं.

जपानी डॉक्टर फुकुदा यांनी १९५९ साली एक साधी तपासणी मांडली. माणसाला डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकायला सांगायचं. एका कानाचं काम कमी झालं असेल तर माणूस बहुधा नकळत त्या बाजूला वळत जातो. ही तपासणी डॉक्टरांसमोरच करायची. घरी करून पाहू नका, पडाल.

अंधार आणि ओल असली की कानावर सगळा भार

तोल सांभाळायला शरीराकडे तिघे आहेत. डोळे, तळपाय आणि कान. तिघांतला एक कमी पडला तर बाकीचे दोघे निभावून नेतात. दोन कमी पडले की तिसऱ्यावर सगळा भार येतो.

अंबरनाथचं शिवमंदिर आठवा. शिलालेखाप्रमाणे ते शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. तिथला गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. आपण लख्ख उन्हातून येतो. डोळे अजून अंधाराला सरावलेले नसतात. पायाखाली दगड, त्यावर पाणी, पाय अनवाणी. पुढे-मागे माणसं. अशा ठिकाणी डोळे आणि तळपाय दोघेही कमी पडतात. ज्याचा कान आधीच अशक्त आहे, तो तिथेच घसरतो.

म्हणून उतरण्याआधी वरच थांबा. डोळे अंधाराला सरावू द्या. मग कुणाचा तरी हात धरून एकेक पायरी उतरा. महाशिवरात्रीच्या रेट्यात वयस्कर माणसाला नेऊ नका. एखाद्या साध्या सोमवारी न्या. दर्शन तेच होतं.

घरातही तसंच आहे. पावसाळ्यात रात्री वीज गेली की डोळे गेले. न्हाणीघराची फरशी ओली, पायात मऊ फोमची चप्पल, म्हणजे तळपायही गेले. उरला एकटा कान. वय वाढलं की कानातल्या त्या नाजूक पेशीही कमी होत जातात.

मधुमेह असेल तर आणखी जपा. जुन्या मधुमेहात तळपाय बधिर होऊ शकतात. मग पायाखाली फरशी आहे की पायपुसणं, हे कळत नाही. अशा माणसाला अंधारात फिरू देऊ नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. त्यांत वयस्कर माणसं सर्वांत जास्त. पडणं ही म्हातारपणी होणारच अशी गोष्ट नाही. बरंचसं पडणं टाळता येतं.

चक्कर आली की आधी हे लिहून ठेवा

डॉक्टरांकडे जाऊन नुसतं चक्कर येते म्हणाल तर त्यांना फार कळणार नाही. एका कागदावर उत्तरं लिहून न्या.

घर गरगर फिरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की नुसता तोल जातो?

कशाने येते? कूस बदलताना, झोपताना-उठताना, वर बघताना, की उभं राहिल्याबरोबर?

किती वेळ टिकते? काही सेकंद, काही तास, की दिवसभर?

कानात आवाज येतो का? एका कानाने कमी ऐकू येतं का? कान भरल्यासारखा वाटतो का?

कुठली औषधं चालू आहेत? सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या.

उभं राहिल्यावरच अंधारी येत असेल तर बहुधा रक्तदाब खाली जातो. बीपीच्या गोळ्यांनीही असं होतं. ते डॉक्टरांना सांगा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. कूस बदलताना काही सेकंद घर फिरत असेल तर कानातल्या कणांचा संशय घ्या. चक्कर तासन् तास राहिली, कानात आवाज आला, ऐकू कमी आलं, तर तो कानाचाच दुसरा आजार असू शकतो. कानाच्या डॉक्टरांना लवकर दाखवा.

ही लक्षणं दिसली तर एक मिनिट थांबू नका

चक्करेबरोबर तोंड वाकडं झालं.

बोलणं अडखळलं.

एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या.

एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला.

कधी नव्हतं असं भयंकर डोकं दुखू लागलं.

अचानक उभं राहणं, पाऊल टाकणंच अशक्य झालं.

हे कानाचं नसून मेंदूचं असू शकतं. लगेच १०८ ला फोन करा. लिंबूपाणी देत, कपाळाला बाम चोळत वेळ घालवू नका. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका, ठसका लागेल. छातीत दुखत असेल, माणूस बेशुद्ध पडला असेल, तरीही १०८ लाच फोन करा.

कण जागेवरून हलले असतील तर

गरगरणाऱ्या चक्करेचं सर्वांत जास्त आढळणारं कारण हेच आहे. पिशवीतले कण सुटतात आणि शेजारच्या वाटोळ्या नळीत जाऊन बसतात. डोकं हललं की ते नळीत घरंगळतात. डोकं थांबलेलं असतं, पण कान मेंदूला फिरतंय म्हणून कळवतो. म्हणून कूस बदलताना, केस धुताना मान मागे टाकताना, माळ्यावरचा डबा काढताना घर फिरतं.

डॉक्टर तुम्हाला पलंगावर बसवतात, मान एका बाजूला वळवून पटकन आडवं करतात आणि तुमच्या डोळ्यांकडे बघतात. बुबुळं विशिष्ट तऱ्हेने हलली की कण कुठे आहेत ते कळतं. मग तुमचं डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण पुन्हा पिशवीत घालवतात. काही मिनिटांचं काम आहे. सुई नाही, कापाकापी नाही. बहुतेकांना एक-दोन वेळात आराम पडतो.

ही पद्धत जॉन एपली या अमेरिकन डॉक्टरांनी शोधली. इतक्या साध्या उपायावर आधी त्यांच्या व्यवसायातल्या लोकांचाच विश्वास बसला नाही. आज ती जगभर वापरतात.

कण पुन्हा सुटू शकतात. घाबरू नका. पुन्हा डॉक्टरांकडे जा, पुन्हा बसवता येतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून पहिल्यांदाच आपल्या मनाने मान वळवू नका. कुठल्या कानात बिघाड आहे हे आधी कळायला हवं. मानेचं दुखणं असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा.

कानात गरम तेल घालू नका. तेल कानाच्या पडद्याबाहेरच राहतं. तोलाची जागा त्याच्या कितीतरी आत आहे. पडद्याला भोक असेल तर तेलाने उलट कान बिघडतो.

गोळ्या घेऊन पडून राहू नका

चक्कर दाबणाऱ्या काही गोळ्या पहिले दोन-तीन दिवस उपयोगी पडतात. उलट्या थांबतात, जीव शांत होतो. पण त्याच गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर मेंदू सुस्तावतो. नवा तोल शिकायला त्याला वेळ लागतो. काही गोळ्यांनी हात थरथरतात, चाल मंदावते. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा पुन्हा गोळ्या आणू नका. किती दिवस घ्यायच्या, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

काही इंजेक्शनंही कानातल्या तोलाच्या पेशींना इजा करतात. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन ही त्यांतली. १९५२ साली एका अमेरिकन डॉक्टरांनी स्वतःचाच अनुभव लिहून ठेवला. स्ट्रेप्टोमायसिनने त्यांचे दोन्ही कान तोलापुरते निकामी झाले. पलंगावर वाचायचं तर त्यांना पलंगाच्या दोन गजांमध्ये डोकं घट्ट टेकवावं लागे. नाहीतर नाडीच्या ठोक्यानेसुद्धा अक्षरं हलत. चालताना समोरची माणसं, पाट्या हलताना दिसत. अंधारात पाऊल टाकणं तर फारच कठीण.

ही औषधं जीवही वाचवतात. म्हणून कुठलंच औषध आपल्या मनाने सोडू नका, क्षयाचं तर मुळीच नाही. पण दवाखान्यातून घरी आल्यावर माणूस झोकांड्या खाऊ लागला, चालताना पाट्या हलतात म्हणू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पुन्हा चालायला शिका

एका कानाचं काम कमी झालं तरी मेंदू नव्याने तोल शिकू शकतो. पण पडून राहिलं तर शिकत नाही. चालल्यानेच शिकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी चक्कर असलेल्या जखमी सैनिकांसाठी असे व्यायाम तयार केले. डोळे हलवायचे, मान हलवायची, उठायचं-बसायचं, चालायचं. त्यांचंच पुढचं रूप आज फिजिओथेरपिस्ट शिकवतात.

डॉक्टरांनी होकार दिला की घरी एवढं करा. पहिल्या दिवसांत जवळ कुणीतरी हवंच.

भिंतीवरच्या कालनिर्णयातली एक तारीख निवडा. नजर तिच्यावरच ठेवा. मान हळूहळू डावीकडे-उजवीकडे करा. मग वर-खाली. अक्षर स्थिर दिसेल इतक्याच वेगाने.

ओट्याला हात टेकून दोन्ही पाय जुळवून उभे राहा. जमू लागलं की बोटंच टेकवा.

ओट्याच्या कडेने चाला. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्यापुढे ठेवत जा. हात ओट्याजवळच असू द्या.

ते जमलं की सोसायटीच्या आवारात सोबत घेऊन चाला. चार पावलं डावीकडे बघत, चार उजवीकडे बघत.

थोडं गरगरलं तर थांबा, श्वास घ्या, पुन्हा करा. थोडं गरगरणं म्हणजे मेंदू शिकतोय. फारच त्रास झाला तर त्या दिवशी पुरे. रोज थोडं केल्याने फरक पडतो.

घर आवरा

पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर एक छोटा दिवा राहू द्या. वीज गेल्यावर पेटणारा बॅटरीचा दिवाही आणा. उशीजवळ विजेरी असू द्या.

न्हाणीघरात आणि शौचालयात भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही.

सरकणारी पायपुसणी काढा. उंबरठा ठळक रंगवा.

घरात चालायला पातळ तळव्याची, न घसरणारी, मागून पट्टा असलेली चप्पल द्या.

रोज लागणारे डबे माळ्यावरून खाली आणा. वयस्कर माणसाला स्टुलावर चढू देऊ नका.

झोपेतून उठताना आधी कुशीवर वळा. मग बसा. पाय खाली सोडून मिनिटभर थांबा. मग उभे राहा. देवपूजेवरून उठताना आणि भारतीय शौचालयातून उठतानाही घाई टाळा.

गणपतीत आरती संपली की आपण उभ्या जागी स्वतःभोवती फिरतो. ज्यांना चक्कर येते त्यांनी फिरू नये. हात जोडून उभं राहावं. देव रागावत नाही.

बाहेर पडताना

बदलापूरहून मुंबई सुमारे ६८ किलोमीटर. दीड तास लोकलच्या डब्यात हलत उभं राहिल्यावर उतरताना अंग लगेच स्थिर होत नाही. गाडी पूर्ण थांबू द्या. दांडा धरा. गाडी आणि फलाट यांच्यामधली फट बघा. मगच पाऊल टाका. उतरल्यावर लगेच जिन्याकडे धावू नका. पावसात फलाट निसरडा असतो, तिथे दोन क्षण थांबलात तर काही बिघडत नाही.

जिन्यावर कठड्याची बाजू सोडू नका. दोन्ही हातांत पिशव्या नकोत, एक हात मोकळा हवा. चालताना कुणी मागून हाक मारली तर आधी थांबा, मग वळा. मोबाइल बघत चालू नका. मुळगावच्या खंडोबाच्या देवळात जायचं असेल तर सावकाश, सोबतीने जा.

तरुण मंडळींनो, आईवडिलांना ओढत नेऊ नका. तुम्ही त्यांचा हात धरला तर त्यांचा तोल तुमच्या हाती जातो. त्यांना तुमचा दंड धरू द्या. मग ते आपल्या वेगाने पाऊल टाकतात. आणि चारचौघांत त्यांना धडपडता कशाला म्हणू नका. लाजेनेच माणसं घरात बसतात, आणि घरात बसलं की तोल आणखी जातो.

मदत कुठे मिळेल

बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, यांपैकी जवळ पडेल तिथे आधी चौकशी करा. कान-नाक-घशाचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते विचारा. पुढे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय आपल्याच लोकलच्या वाटेवर आहेत.

काठी, वॉकर घेण्यासाठी राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्या ज्येष्ठांसाठी तीत ३,००० रुपयांची तरतूद आहे. अर्जाची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत मदत क्रमांकही आहे. तो मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. काठी घेणं म्हणजे हार नव्हे. काठी तळहाताला जमीन सांगते, कानाचा भार हलका करते.

आज रात्री जेवणं झाली की घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि विचारा, कूस बदलताना घर फिरतं का? अंधारात चालायची भीती वाटते का? हो म्हणाले तर याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या. आणि वाटेतला दिवा आजच लावा.